मास्तर, माझ्यासाठी प्रार्थना करू नका

आमच्या कारखान्यात साहेब ओरडला तर कुणी फारसं मनावर घेत नसे. फोरमन शिव्या देई, त्याचीही लोकांना सवय झाली होती. पण दुपारच्या सुट्टीत मास्तरांनी डबा पुढ्यात ठेवला, टोपी काढून मांडीवर घेतली आणि डोळे मिटले, की भल्याभल्यांचा घास घशात अडकायचा.

मास्तर ख्रिस्ती. नगरकडच्या एका खेड्यात मिशनच्या शाळेवर त्यांनी वीस वर्षं पोरं शिकवली, मग पिंपरीला हा नट-बोल्टांचा नवा कारखाना निघाला तेव्हा हेड टाइमकीपर म्हणून आले. टाइम ऑफिसात माझं टेबल त्यांच्या टेबलाला लागून. जेवणाआधी ते प्रार्थना करत, आणि ती मोठ्यानं करत. वर्गात चाळीस पोरांना ऐकू जाईल असा आवाज लावायची सवय, त्यात देव पोरांपेक्षा लांब, म्हणून आवाज आणखी वरचा.

नुसती प्रार्थना असती तर कोण कशाला घाबरलं असतं? पण मास्तर नाव घेऊन प्रार्थना करत.

"हे दयाळू बापा, आमच्या लेबर ऑफिसर साहेबांना क्षमा कर. काल संध्याकाळी त्यांनी कंपनीच्या जीपमधून सिमेंटच्या चार गोण्या स्वतःच्या घराकडे नेल्या. त्यांना घर बांधायचं आहे, बापा, आणि घाई झालेली आहे. त्यांच्या मनाला स्वस्थता दे. आमेन."

लेबर ऑफिसर साहेब दोन टेबलं पलीकडे बटाट्याच्या भाजीत पुरी बुडवत होते. ती पुरी तशीच भाजीत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी चार गोण्या गोदामाच्या दाराशी परत आलेल्या सगळ्यांनी पाहिल्या.

आता तुम्हाला वाटेल, वा, म्हातारा बेरकी होता. अजिबात नाही. बेरकी असता तर आम्ही त्याला पुरून उरलो असतो. त्यांच्या बोलण्यात टोमण्याचा वासही नसे, हीच तर पंचाईत होती. आपल्याला कुणी त्रास दिला, कुणी चुकला, तर त्याच्यासाठी देवाकडे रदबदली करायची असं त्यांच्या धर्मात सांगितलेलं, आणि मास्तरांनी ते सरळ मानलेलं. मी एकदा म्हटलं, "मास्तर, जरा मोघम करा की. 'सगळ्यांना क्षमा कर' म्हटलं तरी देवाला कळेल."

"तुम्ही पत्र टाकता तेव्हा पाकिटावर 'सगळ्यांना' असं लिहिता का?" मास्तर म्हणाले. "नाव-गाव नको?"

बरं, दुसऱ्यांचंच काढत असं नाही. सुरुवात रोज स्वतःपासून. बायकोवर भाकरी करपली म्हणून डाफरलो, स्टेशनावर ओळखीचा दिसला तर टाळलं, शेजाऱ्याच्या पोराला पहिला नंबर मिळाल्यावर पोटात दुखलं. पन्नाशीचा माणूस, डोईवर काळी टोपी, आणि भर कॅन्टीनमध्ये हे सगळं. पहिल्या आठवड्यात लोक हसले. नंतर ज्याला त्याला वाटू लागलं की आता पुढचा नंबर आपला. मग लोक एकेकटे येऊन त्यांना कानात सांगायचे, "मास्तर, तेवढं माझ्यासाठी प्रार्थना करू नका." मास्तर मान डोलवत. दिलेला शब्द पाळत. पण एकदा नाव गाळायला सांगितलं की बाकीचे विचारणारच, गड्यानं केलंय तरी काय? म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर.

त्यांच्याच लोकांनाही ते पेलवत नव्हते. चिंचवडच्या बाजूला तेव्हा त्यांची दहा-पंधरा घरं, एका पडवीत रविवारची उपासना चाले. पहिल्या बाकावर मंडळीतल्या एका बड्या कुटुंबानं चादर टाकून कायमची जागा धरली होती. मास्तरांनी त्या चादरीसाठी प्रार्थना केली. माणसांसाठी नव्हे हं, चादरीसाठी, की तिला एकदा तरी दुसऱ्या कुणाची पाठ टेकू दे. पाळकांनी त्यांना बाजूला घेऊन विनवलं की मास्तर, यापुढे मनातल्या मनात करत जा.

"मनातल्या मनात मी खोटं बोलतो," मास्तर म्हणाले. "मोठ्यानं बोललो की पकडला जातो."

आमच्या आईला मात्र वेगळीच धास्ती. आम्ही पुनावळ्याचे. कारखान्यात लागलो तेव्हा तिला आनंद, पण शेजारी कोण बसतं हे कळल्यावर तिनं डोक्याला हात लावला. "आरं, त्यो तुला बाटवंल. डब्यातलं त्याचं काय खाऊ नगंस." मी ते मास्तरांना तसंच सांगितलं, मला कुठं राहवतंय. मास्तर पोट धरून हसले. "आईंना सांगा, मी तीस वर्षं एकाच माणसाला ख्रिस्ती करायला बसलोय, तोच अजून होत नाही. दुसरा कधी हाती घेऊ?" आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

हे मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मंजे त्यो अजून झाल्याला न्हाई? मग खा त्याच्या डब्यातलं."

मशीन शॉपचा एक फोरमन होता, अंगानं दांडगा. एकदा त्याच्या माणसांची हजेरी उशिराच्या खात्यात गेली म्हणून टाइम ऑफिसात येऊन त्यानं मास्तरांच्या कानाखाली एक दिली. आम्ही सगळे उठलो. मास्तरांनी टोपी सारखी केली, चष्मा काढून माझ्या हातात दिला, आणि दुसरा गाल पुढे केला. ते ठीक आहे हो, ऐकलेलं असतं आपण. पण त्यांच्या तोंडावर जो उत्साह होता ना, तो मी कधी विसरणार नाही. शाळेत वर्षानुवर्षं शिकवलेला प्रयोग आज प्रत्यक्ष करायला मिळतोय, असा आनंद. फोरमनचा हात वर गेलेला तसाच राहिला. तो मागं सरकत सरकत दाराबाहेर गेला आणि तीन दिवस कामावर आला नाही. चौथ्या दिवशी आला तो मास्तरांना पाहून लांबून वळसा घालून गेला. मास्तर हळहळले. "बिचाऱ्याचं अर्धं राहिलं," म्हणाले.

आमच्या चुलत्याच्या पोराच्या लग्नाला मी मास्तरांना पुनावळ्याला नेलं. चूक माझीच. आमच्याकडे लग्नात नवरा-नवरीपेक्षा मानपानाला महत्त्व. टॉवेल-टोपीचा पहिला मान कुणाचा, यावरून भावकीतल्या दोन घरांचं आजोबांपासून वाकडं. त्या दिवशीही मांडवात दोन्हीकडचे कर्ते पुरुष मिशा वर करून बसलेले. मास्तर आले आणि थेट मांडवाच्या टोकाला, जिथं चपलांचा ढीग पडलेला, तिथं जाऊन बसले. चपला राखायला गावातला एक म्हातारा बसवला होता, त्याच्या शेजारी. चुलत्यानं पाहिलं, कंपनीचा हेड टाइमकीपर चपलांत. धावत गेला. "मास्तर, वर चला." मास्तर म्हणाले, "मला इथं बरं वाटतं. इथून सगळे दिसतात." तो ओढतोय, हे हसतायत. शेवटी पहिली कुणाला द्यायची या घोळात चुलत्यानं भांडण टाळायला पहिली टॉवेल-टोपी पाहुण्याला म्हणून मास्तरांनाच दिली. मास्तरांनी ती घेतली, कपाळाला लावली आणि शेजारच्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर ठेवली. टॉवेल खांद्यावर. वर त्याला वाकून नमस्कार.

मांडवात असा गलका झाला की भटजींना मंगलाष्टक पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागलं. गंमत म्हणजे ती दोन्ही घरं त्या दिवशी एक झाली. पहिला मान चपला राखणाऱ्याला गेला हा दोघांचा सारखाच अपमान. दोन्ही कर्ते पुरुष मांडवाबाहेर एकाच बाजेवर बसून मास्तरांना आणि मला शिव्या देत होते, एकाच तपकिरीच्या डबीतून तपकीर ओढत. त्या दोघांमधलं बोलणं पुढे चालूच राहिलं. मास्तरांना हे मी सांगितलं तर त्यांनी ते देवाच्या खात्यावर टाकलं. त्या म्हाताऱ्यानं ती टोपी मरेपर्यंत डोक्यावरून उतरवली नाही, हे मात्र मी स्वतः पाहिलंय.

आता माझं सांगतो. कारण मास्तरांवर हसणं सोपं होतं तोवर हसून घेतलं, मग पाळी माझ्यावर आली.

मी सहा महिन्यांच्या बोलीवर लागलो होतो. सहा महिन्यांत चार वेळा उशीर झाला की बोली आणखी सहा महिने वाढायची, असा नियम. आणि तळेगावच्या एका घरची मुलगी मला सांगून आली होती. मुलगी मी पाहिली होती, एकदाच, पोह्यांची बशी देताना. मला ती फार आवडली होती, लपवायचं काय त्यात. तिच्या वडिलांनी एकच अट घातली, पर्मनंटचं पत्र दाखवा आणि नारळ घ्या. माझे तीन उशीर आधीच झाले होते. पुनावळ्याहून सायकल नावेत घालून पवना नदी ओलांडायची, नावाडी आपल्या मर्जीचा मालक. चौथा उशीर शेवटच्या आठवड्यात झाला.

हजेरीची पद्धत अशी. प्रत्येकाला नंबरचा पितळी बिल्ला. फाटकातून आत येताना तो पेटीत टाकायचा. भोंगा झाला की गेनू नावाचा आमचा झाडूवाला ती पेटी उचलून टाइम ऑफिसात आणून ठेवी. पेटीत बिल्ला नाही तो उशिरा. मी कारखान्यापाशी पोचलो तेव्हा भोंगा होऊन गेला होता. मागच्या बाजूला भिंत अजून बांधायची होती, काटेरी तार होती. मी तारेखालून शिरलो. पेटी टेबलावर, गेनू पाणी प्यायला गेलेला, खोलीत कुणी नाही. मी फटीतून बिल्ला आत सोडला आणि खुर्चीत जाऊन बसलो. तारेत पॅन्ट मागून टरकन फाटली होती ते बसल्यावर लक्षात आलं.

थोड्या वेळानं मास्तर आले. माझ्याकडे पाहिलं, टेबलाचा खण उघडला, एक सेफ्टी पिन काढून माझ्या पुढ्यात ठेवली आणि कामाला लागले.

नेमका त्याच सकाळी लेबर ऑफिसरनं फाटकापाशी स्वतः उभं राहून माणसं मोजली होती. पेटीत एक बिल्ला जास्त निघाला. कुणाचा, ते सांगता येईना, कारण कोण कोण आत आलं ते लिहिलेलं नव्हतं. पण पेटी होती गेनूच्या हातात. गेनू पिंपरी गावातलाच, जमीन कारखान्यात गेलेली, म्हणून झाडूवाल्याची नोकरी मिळालेली. त्याच्यावर ठपका आला, पैसे खाऊन कुणाचा तरी बिल्ला टाकला. चौकशी होईपर्यंत घरी बस.

"म्या न्हाई टाकला सायेब," एवढंच तो म्हणाला. आणि झाडू कोपऱ्यात ठेवून गेला.

लेबर ऑफिसरनं मास्तरांना विचारलं, "गेनूनंच केलं ना हे?"

"गेनूनं केलेलं नाही."

"मग कुणी?"

"टाकताना मी पाहिलेलं नाही. मी फक्त फाटलेलं पाहिलंय. आणि फाटलेलं ज्याचं त्यानं दाखवायचं असतं."

साहेबांनी हे नेहमीचं वेड समजून सोडून दिलं. संध्याकाळी मी मास्तरांना फाटकापाशी गाठलं आणि सगळ्या कारखान्यानं म्हटलं होतं तेच म्हणालो, "मास्तर, माझ्यासाठी प्रार्थना करू नका." तळेगावचं सांगितलं, नारळाचं सांगितलं, चारच दिवस उरलेत सांगितलं. मास्तर सगळं ऐकून म्हणाले, "बरं. नाही करत."

सुटलो, असं वाटलं. कसला सुटतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पाहतो तर हेड टाइमकीपर झाडू मारतायत. धोतराचा सोगा खोचलेला, टोपी खुंटीला. कंपनीनं दुसरा झाडूवाला आणला असता तर गेनूची जागा गेलीच म्हणून समजा, म्हणून मास्तरांनी साहेबांना सांगितलं की गेनू येईपर्यंत त्याचं काम मी करतो. आमच्यातले एक कारकून सोवळ्यातले, ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मास्तर एकेका टेबलाखालून झाडत झाडत माझ्यापाशी आले.

"जरा पाय वर घ्या," म्हणाले.

मी पाय वर घेतले.

हे रोज. "जरा पाय वर घ्या." माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठा माणूस माझ्या पायाखाली वाकायचा, आणि मी पाळण्यात बसल्यासारखा पाय अधांतरी धरून बसायचो. त्यांच्या आवाजात काही नाही हो, ना राग, ना खोच. वर झाडताना काहीतरी गुणगुणायचे. एक दिवस मी झाडू हिसकावून घ्यायला गेलो तर म्हणाले, "तुमचं काम हे नव्हे." एवढंच. मग माझं काम कोणतं, ते मी विचारलं नाही.

दुपारी कॅन्टीनमध्ये मास्तर डोळे मिटत. मी घास हातात धरून थांबे. गेनूसाठी व्हायची प्रार्थना, गेनूच्या बायकोसाठी, साहेबांसाठी, फोरमनसाठी, एकदा तर नावाड्यासाठी झाली. माझं नाव नाही. दिलेला शब्द म्हातारा असा पाळत होता की माझं जेवण जाईना. त्यांनी एकदा सगळं ओरडून सांगितलं असतं तर मी निदान त्यांना शिव्या तरी दिल्या असत्या. पर्मनंटचं पत्र टाइप होऊन साहेबांच्या टेबलावर सहीला गेलं, हे मला शिपायानं डोळा मारून सांगितलं, आणि मला धड हसताही आलं नाही. गेनूची चौकशी दुसऱ्या दिवशी होती.

त्या दुपारी मास्तरांनी टोपी मांडीवर घेतली, डोळे मिटले, "हे दयाळू बापा," म्हणाले, आणि मी ताडकन उभा राहिलो. का, ते मला आजही सांगता येत नाही. पाय आपोआप उठले, इतके दिवस वर धरून बधिर झाले होते ते.

"साहेब, तो जास्तीचा बिल्ला माझा. मी तारेखालून आलो. गेनूचा काही संबंध नाही."

मास्तरांनी डोळे उघडले. "आमेन," म्हणाले आणि डबा उघडला. त्यांची एवढी आटोपशीर प्रार्थना कुणी कधी ऐकली नव्हती.

मला काढूनच टाकायचे. पण लेबर ऑफिसर साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मास्तरांच्या मांडीवरच्या टोपीकडे, आणि उद्याच्या प्रार्थनेचा अंदाज घेतला असावा. पत्र फाडलं. बोली सहा महिने वाढवली. गेनू दुसऱ्याच दिवशी कामावर आला. मी त्याच्यापुढे हात जोडले तर तो म्हणाला, "आदी बोल्ला अस्तास तर माजी बायकू चार दिस रडली नस्ती." बरोबर होतं त्याचं. मग त्यानं झाडू उचलला, माझ्या टेबलापाशी आला, मी पाय वर घेतले. त्यानं नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ झाडलं.

आणि मास्तरांनी काय करावं? दुपारी पिंपरी कॅम्पातल्या सिंधी हलवायाकडून चार-पाच शेर पेढे आणले आणि सगळ्या कारखान्यात वाटले. लोक विचारायचे, "काय, तुमचा पोऱ्या पर्मनंट झाला?" मास्तर म्हणायचे, "छे, वाढले त्याचे सहा महिने," आणि हातावर पेढा. लोक पेढा हातात घेऊन बघत राहायचे. फोरमनलासुद्धा दिला. मी म्हटलं, "मास्तर, माझं वाटोळं झालं आणि तुम्ही पेढे वाटताय?" ते म्हणाले, "तुमचं कुठं? वाटोळं झालं ते त्या तारेखालून आलेल्याचं."

मशीन शॉपमध्ये तळेगावचा एक गडी होता. तो आपला पेढा कागदात बांधून गावी घेऊन गेला, आणि कागदाबरोबर अर्धीच बातमी. दोन दिवसांनी मुलीचे वडील टाइम ऑफिसात हजर. नवा फेटा, खांद्याला पिशवी, पिशवीत नारळ.

"जावईबापू," ते दारातूनच म्हणाले, "पेढ्याची खबर पोचली बरं का. म्हटलं आपणच यावं. आता पुढल्या महिन्यातला मुहूर्त काढू."

मी गप्प. खरं सांगतो, मी गप्प बसलो, आणि मनात हिशेब लावून झालासुद्धा. लग्न पुढल्या महिन्यात, बोली संपणार सहा महिन्यांनी, मधे कोण विचारायला येतंय? नुसतं 'हो' म्हणायचं. 'हो'सुद्धा नाही, नुसतं हसायचं. पोह्यांची बशी डोळ्यांपुढे आली.

माझं तोंड उघडेना म्हणून मुलीचे वडील मास्तरांकडे वळले. "पेढे तुम्हीच वाटले ना मास्तर?"

"हो, मीच."

"नोकरी पक्की झाली म्हणूनच ना?"

मास्तर कधी खोटं बोलत नसत. त्यांनी खरं सांगावं म्हणून कधी कुणाला दोनदा विचारावं लागलं नव्हतं. आणि नेमके तेव्हा ते म्हणाले, "ते त्यालाच विचारा." आणि खिडकीबाहेर बघत बसले. कोपऱ्यात गेनू झाडू धरून उभा.

"मामा," मी म्हणालो, "नोकरी पक्की झाली नाही. सहा महिने वाढले. मी लबाडी केली होती आणि ती या गेनूवर शेकली होती." मग सगळं सांगितलं. तार, बिल्ला, फाटलेली पॅन्ट, सगळं.

मामांनी ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता. नारळ टेबलावर ठेवला होता तो उचलून पुन्हा पिशवीत घातला. "खरं बोललात, चांगलं केलंत," म्हणाले. "पण लबाडी केलेल्याला पोरगी कशी देऊ? आणि जो चव्हाट्यावर आपली लबाडी सांगतो, त्याला तर कशी देऊ?" दोन्ही बाजूंनी त्यांचं म्हणणं पक्कं होतं. रामराम करून गेले.

मी खुर्चीत बसलो. रडू येईल असं वाटत होतं. पण बाहेर पडलं ते हसू. आधी नाकातून, मग आवरेचना. टेबलावर डोकं ठेवून हसलो. गेनू म्हणाला, "काय झालं याला? लगीन मोडलं नव्हं?" मला 'व्हय' म्हणायचं होतं, तेही हसण्यात गेलं. मास्तरांनी चष्मा काढला होता, त्यांचे डोळे वाहत होते आणि खांदे हलत होते. मग गेनूलाही राहवलं नाही. टाइम ऑफिसात आम्ही तिघं कशाला हसतोय ते बघायला माणसं दाराशी गोळा झाली.

ती मुलगी मला आवडली होती. पुढे तिचं तळेगावातच लग्न झालं असं कळलं तेव्हा मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. पण त्या संध्याकाळी सायकलवर टांग मारली आणि अर्ध्या वाटेत ध्यानात आलं की आईला काय सांगायचं याची जुळवाजुळव मी चालवलेलीच नाही. पोरवयापासून मी घरी जाताना ती करत आलो होतो. दारात सायकल टेकवली. आई चुलीपाशी होती.

"आई, लग्न मोडलं," मी म्हणालो. "माझ्यामुळं. बस खाली, सांगतो."